हात न लावायची टाकी

मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे घाण कुठे साठते ते मला कुणी सांगावं लागत नाही. दोन वस्तू एकमेकींना टेकतात तिथे, मागच्या बाजूला, आणि जिथे ब्रश पोचत नाही तिथे. म्हणूनच त्या सकाळी वेटिंग रूममधल्या टाकीसमोरून जाताना, मागच्या खडकाच्या बेचक्यात काहीतरी हिरवं हललेलं माझ्या नजरेतून सुटलं नाही. बोटाच्या पेराएवढा शेवाळाचा झुबका. केसांसारखा बारीक, आणि पाण्याच्या झोतात आरामात डुलत होता. मला पाहून मुद्दाम डुलतोय असंच मला वाटलं.

"मॅडम, पहिला पेशंट आलाय," काउंटरवाली म्हणाली.

"बसू दे," मी म्हणाले आणि काचेला नाक लावून तशीच उभी राहिले.

टाकी माझी नाही. माझ्या धाकट्या दिराची आहे. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तो शाळेत होता आणि पाण्याच्या बादलीत डोकं बुडवून किती वेळ श्वास धरता येतो याचे प्रयोग करायचा. त्यावरून त्याचं नाव पाणबुड्या पडलं ते आजतागायत. मोठा झाला, शिकला, नोकरीला लागला. मग ती नोकरी गेली, आणि पाणबुड्या खरोखरच बुडाला.

त्या काळाबद्दल मला धड बोलता येत नाही. त्याने खोलीचे पडदे ओढून घेतले ते ओढलेलेच राहिले. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचं आणि तसंच उचलून आणायचं. "बाहेर ये, नुसता गच्चीवर तरी चल" म्हणून मी दातांच्या कण्या केल्या. तो रागावला असता तरी मला चाललं असतं. तो "हो वहिनी" म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, त्यांचा उपयोगही झाला. पण तो पलंगावरून उठला तो माझ्या नवऱ्याने आणलेल्या एका काचेच्या पेटीमुळे. खारं पाणी, एक दगड आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. नवऱ्याने काही न विचारता ती पेटी त्याच्या टेबलावर ठेवली आणि तो ऑफिसला निघून गेला. आता माशांना तुमचं दुःख कुठून कळणार? त्यांना सकाळ झाली की खायला लागतं. पाणबुड्या खायला घालायला उठला. मग पाण्यावर ऊन किती पडतं ते बघायला त्याने पडदा वीतभर सरकवला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढे पेटीची टाकी झाली आणि टाकीची मोठी टाकी. ती क्लिनिकमध्ये ठेवायची ही कल्पना माझी. वजन घराला झेपणार नाही, असं मी त्याला सांगितलं. खरी गोष्ट अशी, की क्लिनिक घरापासून दोन रस्ते पलीकडे आहे आणि टाकी तिथे असली की त्याला रोज चपला घालून घराबाहेर पडावं लागणार होतं. तो बाहेर पडला. आधी मान खाली घालून, मग कोपऱ्यावरच्या न्हाव्याशी दोन शब्द बोलत, मग माझ्या पेशंटांना प्रवाळ म्हणजे दगड नसून प्राणी कसा, हे समजावून सांगत. रूट कॅनालला आलेली माणसं दुखणं विसरून त्याच्यासमोर आ वासून बसायची. माझ्यासमोर तोंड उघडायला मात्र कुरकुर.

सगळ्यात लाडकं प्रवाळ होतं आत्याबाई. नखाएवढा तुकडा आणून त्याने वाढवला होता. टोकांना फुगीर मणी असलेल्या हिरव्या बोटांचे गुच्छ, दिवसा फुलून डोलणारे. शेजारी दुसरं प्रवाळ ठेवलं की आत्याबाई लांब सोंड काढून त्याला डंख मारणार. "आमच्या आत्याचा स्वभाव डिट्टो," नवरा म्हणाला, आणि नाव चिकटलं.

त्या सकाळच्या दीड महिना आधी पाणबुड्याला लांबच्या शहरात नोकरी लागली होती. पंप तयार करणाऱ्या कंपनीत, सहा महिने काम बघून मग कायम करणार होते. तो जाणार म्हणून मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. निघताना त्याने मला टाकीसमोर उभं केलं.

"वहिनी, सकाळी चिमूटभर खाणं. आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान नाहीस, डेंटिस्ट आहेस. तुझे हात शिवशिवतील." मग बॅग खांद्यावर टाकत तो म्हणाला, "काही झालं तर मला सांग. मी लगेच परत येईन."

हे शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. माझ्या मनात मात्र ते काट्यासारखं रुतून बसलं. लगेच परत येईन! कुठे परत येणार? त्याच खोलीत, त्याच पडद्यांमागे. एकदा आला की पुन्हा निघेल याची खात्री कोण देणार होतं? तेव्हाच मी ठरवून टाकलं की टाकीला काही होणार नाही. आणि झालंच, तर ते त्याला कळणार नाही.

म्हणून तो हिरवा झुबका दिसल्यावर मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. मी काय केलं तेही सांगते. पेशंटचं कीटण काढायचा स्केलर घेतला, नवा टूथब्रश घेतला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

झुबका निघाला. इतकं समाधान वाटलं की काय सांगू. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खडकावर दोन होते. तेही खरवडले. मग ते पंपाच्या तोंडावर आले, काचेच्या कोपऱ्यात आले, आत्याबाईंच्या बुडाशी आले. मी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात टाकीत हात घालायला लागले. लाळ ओढायची सक्शनची नळी असते, तसलीच एक नवी नळी आणून खरवडलेलं शेवाळ ओढून काढायची युक्ती मला सुचली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. मी शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात गेले. त्याने सांगितलं, शेवाळ वाढतं ते पाण्यातल्या खतावर. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट साठतं. ते खेचून घेणारे तांबूस खडे त्याने दिले आणि म्हणाला, "चमचाभर टाका."

चमचाभर! पेशंटला दोनदा ब्रश करा म्हटलं की तो एकदा करतो, हे मला ठाऊक. म्हणून कुणी चमचाभर म्हणालं की मी वाटीभर समजते. खडे ओतले. खाणं अर्ध्यावर आणलं. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढायचं यंत्र दिवसभर जोरात चालू ठेवलं. आठवड्याचं पाणी एक दिवसाआड बदलायला लागले. दहा-बारा दिवसांत शेवाळ पिवळं पडलं, मग गळून गेलं. टाकी अशी लखलखली की आत पाणी आहे की नाही असा प्रश्न पडावा. टेस्ट किटमधल्या नळीत थेंब टाकले, रंग आलाच नाही. नायट्रेट शून्य. फॉस्फेट शून्य.

माझ्या धंद्यात यापेक्षा चांगला रिपोर्ट नसतो. मी फोटो काढून पाणबुड्याला पाठवला.

संध्याकाळी त्याचा रोजचा फोन आला. "वहिनी, फारच स्वच्छ दिसतेय गं," तो म्हणाला.

"मग? कुणाच्या हातात आहे!"

"हं," तो म्हणाला. मग त्याने आत्याबाईंची चौकशी केली आणि फोन ठेवला. ते "हं" माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी तेव्हा हवेत होते.

त्याच आठवड्यात वाळूवर तपकिरी डाग दिसले. सकाळी नुसती छटा, दुपारपर्यंत शेंबडासारखा चिकट थर, आणि त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. शब्द घाणेरडा आहे पण दुसरा चपखल शब्द मला सापडत नाही. मी ओढून काढला. दुसऱ्या दिवशी दुप्पट आला. खडकांवरून त्याचे धागे लोंबायला लागले. मी पाणी बदललं, खडे बदलले, पुन्हा ओढून काढला. जितकं काढावं तितका तो चेवाने येत होता. हिरव्या शेवाळाशी माझं भांडण होतं. याची मला भीती वाटायला लागली.

एका सकाळी काउंटरवाली दारातच उभी होती. "मॅडम, गोगलगायी उताण्या पडल्यात."

काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या त्या काळ्या गोगलगायी वाळूवर पडल्या होत्या. मी एक उचलली. शंखातून कुजका वास आला. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि त्या दिवशीच्या पहिल्या पेशंटचा चुकीचा दात टोचला. तो बिचारा ओरडला म्हणून कळलं.

आणि आत्याबाई मिटल्या. आधी बोटं आखडली, मग हिरवा रंग फिकट होत गेला, मग एका गुच्छाचं मांस सुटून खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागला. माझी पाचावर धारण बसली. मासा मेला तर मासा आणता येतो. आत्याबाई कुठून आणायच्या? तो नखाएवढा तुकडा त्याने कुठल्या दिवसांत वाढवला होता ते मला माहीत होतं ना.

संध्याकाळ आली की माझा जीव टांगणीला लागायचा. फोन वाजायचा आणि मी हसऱ्या आवाजात खोटं बोलायचे. "मजेत आहे सगळं." "दोघं खातात ना?" "तुटून पडतात." फोटो मागितला की मी जुन्यांपैकी एक पाठवायची. कधी उजवीकडून कापून, कधी डावीकडून. व्हिडिओ कॉल कर म्हणाला की क्लिनिकचं नेट गेलेलं असायचं. काउंटरवाली माझ्याकडे बघायची नाही, आणि मी तिच्याकडे.

तिकडे त्याचंही फार बरं चाललेलं नव्हतं. "साहेब चांगले आहेत," तो सांगायचा, "पण जेवायला कुणाबरोबर बसावं कळत नाही. मी आपला एकटाच बसतो. झोपायच्या आधी टाकीचे फोटो बघतो, मग बरं वाटतं." हे ऐकून मी घाईने विषय बदलायची.

"सांगून टाक त्याला," नवरा म्हणाला. तो इस्त्री करत होता. चिडला की तो इस्त्री करतो. "माझ्या भावाला तू काचेचा समजतेस."

"तू त्याची ताटं नाही उचलून आणलीस," मी म्हणाले. "तू पेटी ठेवून ऑफिसला गेलास. ताटं मी आणली."

हे मी बोलायला नको होतं. पण अंगाचा तिळपापड झाला की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. नवऱ्याने शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा दाबली.

मासेवाल्याकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी बाटलीत तो तपकिरी चिकटा भरून नेला होता. त्याने बाटली उजेडात धरली, हलवली, आणि त्याचा चेहरा उतरला. "हे साधं शेवाळ नाही डॉक्टर. एवढंच सांगू शकतो. काय करायचं ते..." त्याने डोकं खाजवलं. "तुमच्या दिरालाच विचारा की. असलं काही आलं की आम्हीच त्याला फोन करतो."

मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसले. आजूबाजूच्या सगळ्या टाक्यांमधून मासे माझ्याकडे बघत होते. कुणीतरी मला ओरडावं असं फार वाटलं, पण मासेवाला सभ्य माणूस, त्याने पाणी आणून दिलं.

क्लिनिकला येऊन मी शेवटचा पेशंट पुढच्या दिवसावर ढकलला. दारूच्या दुकानात जाताना माणूस आजूबाजूला बघतो तशी बघत मी टाकीसमोर गेले, आणि काही न कापता, काही न लपवता फोटो काढले. वाळू, धागे, पांढरा सांगाडा. पाठवून दिले आणि मागोमाग फोन लावला.

त्याने उचलला. पाठीमागे यंत्रांचा आवाज होता. मग दार लोटल्यासारखं झालं आणि आवाज कमी झाला.

"बघितले," तो म्हणाला.

"मी हात लावला," मी म्हणाले. "तू नको म्हणाला होतास. हिरवं आलं होतं थोडंसं, मी ते काढायला गेले, आणि मग..."

"नायट्रेट किती आहे?"

"शून्य."

"फॉस्फेट?"

"तेही शून्य," मी म्हणाले. इतक्या रडकुंडीतही ते सांगताना माझ्या आवाजात जरासा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

"वहिनी, तू सगळ्यांना उपाशी ठेवलंस."

"म्हणजे?"

"पाण्यात काहीच उरलं नाही तर आत्याबाई काय खाणार? ते हिरवं शेवाळ जागा धरून होतं. आणि डोळ्यांना न दिसणारं बाकीचं पुष्कळ काही असतं, तेही. तू सगळं खरवडून घर रिकामं केलंस, आणि रिकाम्या घरात हा तपकिरी चिकटा शिरला. हा उपाशी पाण्यातच माजतो. विषारी असतो तो. गोगलगायी गेल्या ना?"

"गेल्या." मी डोळे पुसले. "आता काय करू? सांग. आत्ता करते."

"खडे काढून टाक. फेसाचं यंत्र दिवसभर नको, थोडाच वेळ चालव. पाणी अजिबात बदलायचं नाही. खाणं वाढव. दिवा थोडे दिवस अर्धाच. उरलेल्या गोगलगायी बादलीत काढ."

"आणि घासायचं कधी?"

"घासायचं नाही. वहिनी, नीट ऐक. टाकी घाण होऊ दे. हिरवं आलं तर येऊ दे. तू काही करायचं नाहीस, तेच करायचं आहे."

यापेक्षा कठीण गोष्ट मला आयुष्यात कुणी सांगितली नव्हती. मी घाबरत घाबरत विचारलं, "तू येतोयस का?"

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू पाठवलेल्या तीन फोटोंत तीच गोगलगाय काचेवर त्याच जागी होती. गोगलगाय हळू चालते गं, पण इतकी हळू नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. आणि नक्की काय झालंय ते कळलं असतं तर मी त्याच दिवशी बॅग भरली असती." त्याचा आवाज बारीक झाला. "मला कारणच हवं होतं वहिनी. इथून निघायला. म्हणून मी विचारलं नाही."

मी फोन कानाला धरून टाकीकडे बघत राहिले. दोन्ही मासे आत्याबाईंच्या सांगाड्याभोवती घुटमळत होते. एवढे दिवस हा एकटा जेवत होता, आणि माझे खोटे फोटो खोटे आहेत हे माहीत असून ते बघत झोपत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा असा राग आला की विचारू नका.

"ठेवतो," तो म्हणाला. "साहेब बोलवतायत." येणार की नाही, ते त्याने सांगितलंच नाही.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. खाणं दुप्पट. दिवा अर्धा. पाणी गढूळ झालं, काचेवर धुरकट थर चढला. पेशंट यायचे आणि नाक मुरडायचे. एक बाई तर चक्क म्हणाली, "डॉक्टर, तुमच्याकडे इतकी स्वच्छता असते आणि ही टाकी अशी?" मी म्हणाले, "असू दे ती तशी. तुम्ही तुमच्या दाढांचं बघा." नंतर मला ते तोडून बोलणं लागलं, पण ती पुन्हा आली, याचा अर्थ दाढ जास्त दुखत असणार.

माझे हात मात्र ऐकेनात. टाकीसमोरून जाताना मी ते कोटाच्या खिशात घालायची. स्केलर काउंटरवालीच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला दिला आणि तिला बजावलं, मी मागितला तरी देऊ नकोस. तिने दिला नाही. मी मागितला होता.

पाणबुड्याचे फोन येत होते, पण तुटक. "डाग कसे आहेत?" "तसेच." "बरं." "जेवलास?" "हो." त्या "हो"ची मला धास्ती होती. "हो वहिनी" म्हणून भिंतीकडे वळणारा तो मला अजून दिसत होता. बातमी सांगून मी काहीतरी मोडलं, असं मनातून जाईना.

आणि एका संध्याकाळी फोन आला नाही.

नेहमीची वेळ टळली. मी स्वतःशी म्हटलं, काम असेल. मी फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तो बंदच लागायला लागला. नवरा भाजी चिरत होता. त्याला म्हटलं, "त्याच्या घरमालकाचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"अगं, बॅटरी संपली असेल."

"त्याने पडदे ओढले असतील." एवढं बोलून मी त्याच्या खोलीत गेले. पडदे उघडे होते, पलंगावर मी धुऊन ठेवलेली चादर, टेबलावर जुन्या पेटीचा चौकोनी डाग. कपाटावरून बॅग काढली आणि माझे दोन कपडे भरले. रात्रीची गाडी मिळाली असती. मी जाऊन दार ठोठावलं असतं, पडदे उघडले असते, आंघोळीला पाणी काढलं असतं, दाढी करायला लावली असती, त्याच्या साहेबांना भेटले असते. सगळं डोळ्यांसमोर रांगेत उभं राहिलं.

नवरा दारात येऊन उभा राहिला. सुरी हातात तशीच.

"काही करू नकोस," तो म्हणाला. "तुला सांगितलंय ना त्याने?"

"ते टाकीबद्दल होतं."

नवरा माझ्या शेजारी पलंगावर येऊन बसला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. रडू येत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. तरी मी उठले नाही. बॅग रात्रभर तिथेच राहिली, आणि मीही जवळजवळ तिथेच.

सकाळी क्लिनिक उघडायला मी स्वतः लवकर गेले. घरात बसवत नव्हतं. टाकीचा दिवा वेळेवर आपोआप लागला होता. वाळूवर तपकिरी थर होता, पण विरळ, जागोजागी फाटलेला. आत्याबाईंचे बरेच गुच्छ गेलेले होते. शेवटच्या एका गुच्छातून मात्र तीन-चार बोटं बाहेर आली होती. फिकट आणि आखूड, पण बाहेर. मी खाली वाकले. मागच्या खडकाच्या बेचक्यात, अगदी पहिल्याच जागी, केसांसारखा बारीक हिरवा झुबका डुलत होता.

माझा हात खिशातून निघाला. मी तो परत खिशात घातला.

तेवढ्यात फोन थरथरला. पाणबुड्याचा निरोप होता. "वहिनी सॉरी. काल ऑफिसातली मंडळी जबरदस्तीने नाटकाला घेऊन गेली. नंतर जेवायलाही गेलो सगळे. बॅटरी गेली, आणि खरं सांगू का, फोन करायचा विसरूनच गेलो."

विसरूनच गेलो. मी ते पुन्हा वाचलं. मग वेटिंग रूममधल्या पेशंटांच्या खुर्चीवर बसले आणि मनसोक्त रडले. काउंटरवाली आली, माझ्याकडे बघून घाबरली आणि आधी टाकीकडे धावली.

"मॅडम, काही मेलं का?"

"नाही गं," मी म्हणाले.

मी उत्तर लिहायला घेतलं. "इतका कसा विसरलास, इथे आमचा जीव..." एवढं लिहिलं आणि पुसलं. "कुणाबरोबर गेला होतास, किती वाजता घरी आलास" हेही लिहिलं आणि पुसलं. शेवटी टाकीचा फोटो काढला. गढूळ काच, आत्याबाईंची तीन-चार बोटं आणि मागचा हिरवा झुबका, सगळं येईल असा. तो पाठवला आणि पहिल्या पेशंटला आत बोलावलं.